अंदमानात बेटावरून बेटावर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी बोटींचं वेळापत्रक कसं जमवायचं

अंदमानची सहल ठरवताना बहुतेक जण आधी विमानाची तिकिटं काढतात, मग हॉटेलं पक्की करतात आणि बोटींचं ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून देतात. गडबड नेमकी इथे होते. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक साधारण ५७ किलोमीटर आहे आणि मध्ये फक्त समुद्र. सकाळची बोट भरली की दुपारची, दुपारचीही भरली की उद्याची. हॉटेलं भरपूर आहेत, ती मिळतातच. बोटीतल्या जागा मोजक्या असतात. म्हणून विमानाच्या तारखा ठरल्या की लगेच बोटी ठरवायच्या आणि त्यांच्या वेळांवर हॉटेलं बसवायची. खालची सगळी माहिती या एका क्रमावर उभी आहे.

१. आधी नावांचा घोळ मिटवा

३० डिसेंबर २०१८ रोजी तीन बेटांची नावं बदलली. हॅवलॉक झालं स्वराज द्वीप, नील झालं शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरसमोरचं रॉस झालं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नावही श्री विजय पुरम करण्यात आलं. सरकारी कागदांवर नवी नावं असतात, रिक्षावाले आणि हॉटेलवाले सर्रास जुनीच वापरतात, आणि तिकिटावर दोन्हींपैकी काहीही छापलेलं असू शकतं. दोन्ही नावं लिहून ठेवा. या लेखात मी लोकांच्या तोंडची जुनी नावं वापरली आहेत.

आणखी एक सापळा. रॉस नावाची बेटं दोन आहेत. एक पोर्ट ब्लेअरसमोर, ब्रिटिशांच्या पडक्या इमारतींचं. दुसरं पार उत्तरेला दिगलीपूरजवळ, स्मिथ बेटाला वाळूच्या पट्ट्याने जोडलेलं. समाजमाध्यमांवर दोन्ही बाजूंना पाणी आणि मध्ये पांढरी वाळू असा जो फोटो फिरतो, तो या दुसऱ्याचा. पोर्ट ब्लेअरहून रॉसला जाऊन ती वाळू शोधू नका.

२. बेटं मोजकीच निवडा

अंदमान-निकोबारमध्ये बेटं, बेटुकली आणि खडक मिळून संख्या ८३६ सांगितली जाते. वस्ती त्यातल्या जेमतेम तीसेक बेटांवर आहे आणि पहिल्या खेपेला तुमच्या वाट्याला त्यातली तीन-चार येतात. सहा-सात दिवस हातात असतील तर पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि परत पोर्ट ब्लेअर असा त्रिकोण करा. हॅवलॉकहून नील जवळ आहे, त्यामुळे दोन बेटांसाठी दोनदा पोर्ट ब्लेअरला परतायचं कारण नाही.

हॅवलॉकला किमान दोन रात्री द्या. नीलला निदान एक रात्र राहाच, असा माझा आग्रह आहे. तिथला नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट बघता येतो. सकाळी येऊन दुपारी परतणाऱ्यांच्या वेळेत ओहोटी सापडेलच असं नाही. तारखा तुमच्या हातात असतील तर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस बघा. उधाणाच्या भरतीनंतर पाणी तितकंच खोल ओसरतं आणि प्रवाळाचे खडक, त्यांच्या डबक्यांतले मासे, समुद्रकाकड्या असं बरंच काही उघडं पडतं. खडकांवरून चालताना पाय मात्र जपून टाका, जिवंत प्रवाळ पायाखाली सहज मोडतो.

दिगलीपूर आणि लिटल अंदमान यांच्यासाठी वेगळे दिवस लागतात. लिटल अंदमानच्या हट बेला जाणारी बोट कित्येक तास घेते. ही ठिकाणं सुरेख आहेत, पण आठवड्याभराच्या सहलीत ती कोंबलीत तर अर्धा वेळ वाटेतच जाईल. निकोबार बेटं आदिवासी राखीव क्षेत्रात येतात, तिथे पर्यटक म्हणून सहज जाता येत नाही.

३. सरकारी बोट की खासगी?

खासगी बोटी म्हणजे मक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन वगैरे. बंद, वातानुकूलित, विमानासारख्या ओळीने खुर्च्या. हॅवलॉकला त्या साधारण दीड तासात पोचवतात. तिकीट हजार-दोन हजारांच्या घरात जातं, वर्गाप्रमाणे जास्तही. महिनाभर आधी ऑनलाइन जागा धरता येते आणि नवख्यांसाठी हाच मोठा फायदा आहे.

सरकारी बोटी अंदमान प्रशासनाच्या जहाज सेवा संचालनालयाच्या. हॅवलॉकला सुमारे अडीच तास लागतात, तिकीट खूपच स्वस्त असतं, आणि डेकवर उभं राहून वारा खाता येतो. पण ही बेटावरच्या लोकांची एसटी आहे, हे लक्षात असू द्या. दवाखान्यात निघालेले, कचेरीच्या कामाला निघालेले, परीक्षेला निघालेली मुलं हिच्यातून जातात. रहिवाशांना द्वीपवासी ओळखपत्रावर सवलतीचं तिकीट मिळतं, जागा देतानाही त्यांचा विचार आधी होतो, आणि तसंच असायला हवं. पर्यटकांसाठीची विक्री प्रवासाच्या अगदी थोडे दिवस आधी उघडते आणि हंगामात पटकन संपते.

नीलहून सुटणारी सरकारी बोट एकदा जवळून बघा. नीलच्या शेतांतली भाजी पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाते. धक्क्यावर पोत्यांची आणि टोपल्यांची थप्पी लागलेली असते, हमाल फळीवरून ओळीने चढतात. एकाच्या डोक्यावर केळीचा घड, मागच्याच्या खांद्यावर वांग्यांचं पोतं, त्यांच्यामधून शाळेची बॅग घेतलेली पोरगी वाट काढते, आणि डेकवर जागा उरेल तिथे माणसं पोत्यांना टेकून बसतात. बेटांचं रोजचं जगणं खासगी बोटीच्या बंद काचेतून दिसत नाही.

माझा सल्ला असा: जाताना खासगी, म्हणजे पुढचं हॉटेल आणि बाकी सगळं ठरल्या वेळेला जुळतं. हॅवलॉक ते नील हा छोटा टप्पा, सोबत वयस्कर माणसं किंवा तान्हं मूल नसेल आणि तिकीट मिळालं, तर सरकारी बोटीने करा. हेलिकॉप्टर सेवाही आहे, पण तिथे रुग्णांना आणि स्थानिकांना प्राधान्य असतं. पर्यटकाने त्या भरवशावर बेत आखू नये.

४. तिकीट काढताना

हॅवलॉकला जाताना सकाळची बोट धरा. अंदमान देशाच्या बरंच पूर्वेला आहे, घड्याळ मात्र आपलंच. हिवाळ्यात सूर्य पाच-सव्वापाचला मावळतो. दुपारी तीनला उतरून हॉटेल गाठून, हातपाय धुऊन राधानगरला निघालात तर सूर्यास्त निम्मा संपलेला असतो. राधानगर किनारा जेट्टीपासून बेटाच्या दुसऱ्या टोकाला, दहा-बारा किलोमीटरवर आहे.

विमानाच्याच दिवशी हॅवलॉकची बोट जोडायची असेल तर दोहोंत चार तास तरी ठेवा. तेही विमान सकाळी लवकर उतरणारं असेल तरच. चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलून येणाऱ्यांनी पहिली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढलेली बरी.

पॅकेज घेतलं असेल तर एजंटच्या ‘बोट कन्फर्म आहे’ या शब्दावर थांबू नका. प्रत्यक्ष तिकिटाची प्रत मागा आणि तिच्यात हे तपासा: प्रत्येकाचं नाव ओळखपत्राप्रमाणे आहे का, तारीख, सुटायची वेळ, आसन क्रमांक, आणि कुठली जेट्टी. तिकिटावर मोबाइल क्रमांक तुमचा असला पाहिजे. वेळ बदलल्याचा निरोप त्याच क्रमांकावर येतो, आणि बोटींच्या वेळा आदल्या संध्याकाळीही बदलतात. एजंटचा क्रमांक असेल तर निरोप त्याच्याकडे पडून राहतो आणि तुम्ही जेट्टीवर ताटकळता.

५. सोबत काय हवं

- प्रत्येक माणसाचं मूळ ओळखपत्र: आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा वाहन परवाना. लहान मुलांचंही आधार किंवा जन्मदाखला.
- ओळखपत्रांच्या दोन-तीन छायाप्रती. सरकारी तिकीट खिडकीवर आणि परवान्यांच्या अर्जांना लागतात.
- सगळ्या तिकिटांच्या कागदी प्रती.
- स्कूटर चालवणार असाल तर मूळ वाहन परवाना.
- थोडी रोख रक्कम. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट खूप सुधारलं आहे, तरी लहान बेटांवर ते मध्येच जातं आणि नीलला एटीएम शोधत फिरावं लागतं.
- बोट लागण्यावरच्या गोळ्या, डॉक्टरांना विचारून.
- ओळखपत्रं आणि फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी.

पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील यांच्यासाठी भारतीय नागरिकांना वेगळा परवाना लागत नाही. सोबत परदेशी नागरिकत्व असलेलं कोणी असेल तर त्यांचे नियम वेगळे आहेत, ते निघण्याआधीच तपासा.

६. जेट्टीवरचा तास

हॅवलॉक-नीलच्या बोटींसाठी पोर्ट ब्लेअरला जेट्ट्या दोन आहेत. सरकारी बोटी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतात, खासगी बऱ्याचशा हड्डो धक्क्यावरून. ‘बऱ्याचशा’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण अपवाद आहेत. रिक्षात बसताना नुसतं ‘हॅवलॉकची जेट्टी’ म्हणू नका, तिकिटावरचं नाव वाचून सांगा.

सुटायच्या तासभर आधी पोचा. सामानाची तपासणी होते, ओळखपत्र बघितलं जातं, आणि सुटायच्या बऱ्याच आधी दार बंद होतं. नंतर कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग होत नाही.

सामानाला वजनाची मर्यादा असते, ती कंपनीप्रमाणे बदलते. मोठ्या बॅगा पुढच्या भागात एकावर एक रचतात, तिथे पाण्याचे शिंतोडेही येतात. म्हणून औषधं, कॅमेरा, कागदपत्रं आणि मुलांचे कपडे हातातल्या पिशवीत घ्या. उतरताना एकसारख्या काळ्या बॅगांच्या ढिगात आपली ओळखायला मुठीला रंगीत फडकं बांधा. चाकाच्या जड सूटकेसपेक्षा पाठीवरची बॅग कधीही सोयीची. ओहोटी असली की बोट धक्क्याच्या बरीच खाली जाते, चढायची फळी तिरकी होते, आणि तेव्हा एक हात मोकळा असावा लागतो. आजी-आजोबांना चढवण्या-उतरवण्यासाठी बोटीवरच्या माणसाला आधीच सांगून ठेवा. हाक मारली की ते हात द्यायला येतात.

७. बोट लागू नये म्हणून

गोळी उलटी व्हायला लागल्यावर घेऊन फायदा नाही, ती निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी पोटात गेली पाहिजे. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि भरपेट तळलेलं खाऊनही नाही. जागा निवडता येत असेल तर खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्याकडे आणि मागच्या बाजूला बसा, पुढचं टोक सगळ्यांत जास्त उसळतं. फोनमध्ये डोकं घालू नका, नजर दूर क्षितिजावर ठेवा. सरकारी बोटीत डेकवर जाता येतं, वाऱ्यावर बरं वाटतं. बहुतेक खासगी बोटींत प्रवासात बाहेर सोडत नाहीत. ज्यांना घाटातही गाडी लागते त्यांनी हे ध्यानात घेऊनच बोट निवडावी.

८. बेटावर उतरल्यावर

हॅवलॉकची गावं आकड्यांनी ओळखली जातात. जेट्टी एक नंबरला, बाजार तीन नंबरला, विजयनगर किनारा पाच नंबरला आणि राधानगर सात नंबरला. हॉटेल कितव्या नंबरला आहे ते विचारून ठेवा, रिक्षावाल्याला तेवढं पुरतं. हॅवलॉक आणि नीलवर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना वसवलं गेलं, त्यामुळे घराघरांत बंगाली ऐकू येते. बाहेर सगळे हिंदी बोलतात, आपलं काही अडत नाही.

स्कूटर त्याच बेटावर भाड्याने घ्या आणि तिथेच परत करा. घेताना ब्रेक बघा, जुन्या ओरखड्यांचे फोटो काढा, आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत परता. आतल्या रस्त्यांवर दिवे तुरळक आहेत.

पोचल्या दिवशीच पुढच्या बोटीची वेळ हॉटेलवाल्याकडून पुन्हा खात्री करून घ्या. तो माणूस रोज जेट्टीवर ये-जा करतो, त्याला बदल लवकर कळतात.

९. पोर्ट ब्लेअरमधून छोट्या फेऱ्या

रॉस आणि नॉर्थ बेसाठी अबरदीनजवळच्या जलक्रीडा संकुलाच्या धक्क्यावरून लहान बोटी सुटतात. त्यांच्यासाठी आधी ऑनलाइन धडपड नको, आदल्या दिवशी जाऊन तिकीट काढलं तरी चालतं. कुठलं ठिकाण आठवड्याच्या कुठल्या वारी बंद आहे ते मात्र तिथेच विचारा. वंडूरजवळच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या जॉली बॉयला जायला वन खात्याचा परवाना लागतो आणि प्लास्टिकची कसून तपासणी होते. ते बेट वर्षाचे काही महिनेच खुलं असतं, उरलेल्या काळात रेड स्किन बेट खुलं करतात.

चुनखडीच्या गुहा असलेल्या बाराटांग बेटाबद्दल थोडं सविस्तर. पोर्ट ब्लेअरहून सुमारे शंभर किलोमीटर, मध्ये जारवा आदिवासींचं राखीव जंगल. जिरकाटांग नाक्यावर गाड्या अडवून ठरल्या वेळी पोलिसांसोबत ताफ्याने सोडतात. पहिला ताफा सहाच्या सुमाराला निघतो, म्हणून हॉटेलमधून पहाटे तीन-साडेतीनलाच निघावं लागतं. पुढे मिडल स्ट्रेटची खाडी बोटीने ओलांडायची आणि तिथून वेगवान होडीने खारफुटीच्या बोगद्यातून चुनखडीच्या गुहांपर्यंत. सोमवारी गुहा बंद असतात. हा पूर्ण दिवसाचा बेत आहे, त्याच दिवशी कुठलीही बोट पकडायची ठेवू नका.

या रस्त्यावर गाडी थांबवणं, फोटो काढणं, जारवांना खायला टाकणं हा गुन्हा आहे. आदिवासींच्या संरक्षणासाठीच्या १९५६ च्या नियमावलीखाली शिक्षा होते. चालकाने ‘थोडे पैसे दिलेत तर दाखवतो’ म्हटलं तर स्पष्ट नकार द्या. तिथली माणसं बघण्याची वस्तू नाहीत, ते त्यांचं घर आहे आणि आपण त्यातून जाणारे पाहुणे. फोन पिशवीत ठेवा आणि मुलांनाही आधी समजावून सांगा.

१०. हवामान आणि रद्द झालेल्या बोटी

नैर्ऋत्य मान्सून केरळच्याही आधी, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अंदमानात पोचतो आणि सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं. बेटांची सहल असेल तर जानेवारी ते एप्रिल सगळ्यांत निर्धास्त. डिसेंबर उत्तरार्धही चांगला, पण गर्दी प्रचंड.

धोक्याचा इशारा लागला की बोटी थांबतात, सरकारीही आणि खासगीही. अशा वेळी पहिलं काम तिकीट खिडकीवर भांडणं हे नाही. आधी हॉटेलवाल्याला फोन करून रात्रीची खोली धरा, कारण अडकलेले सगळेच खोल्या शोधत असतात. मग तिकीट पुढच्या बोटीवर मिळतंय की पैसे परत मिळणार, ते विचारा. मच्छीमाराची होडी भाड्याने घेऊन निघायचा विचारही करू नका. मोठी जहाजं ज्या समुद्रात सोडत नाहीत, तिथे लहान होडीने जाणं जिवावर बेतेल.

११. परतीचं विमान

नील किंवा हॅवलॉकहून पोर्ट ब्लेअरला विमानाच्या आदल्या दिवशीच परत या. सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान पकडता येतं, कागदावर ते जमतंही. बोट रद्द झाली की बोटीच्या तिकिटाचे पैसे परत मिळतील, विमानाचे नाही.

स्कूबा करणार असाल तर हा मोकळा दिवस आणखी एका कारणासाठी लागतो. पाण्याखाली दाबामुळे रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो, तो शरीरात असताना विमानात चढणं धोक्याचं आहे. एकाच बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्या मारल्या असतील तर किमान १८ तास विमान टाळावं, असा नियम आहे. म्हणून स्कूबा हॅवलॉकला पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उरका.

मोकळ्या दिवसासाठी सेल्युलर जेल राखून ठेवा. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगात सावरकर १९११ ते १९२१ कोठडीत होते. अर्ध्या तासात उरकायची ही जागा नाही. कोठड्या, गच्ची, तेलाचा घाणा ओढायला लावत ती जागा, फाशीघर हे सगळं सावकाश बघायला दुपार जाते, आणि संध्याकाळी ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम असतो. त्याची तिकिटं हंगामात आधी काढावी लागतात.

बॅग भरताना मुलांच्या खिशात, चपलांच्या पिशवीत नीट बघा. किनाऱ्यावरून उचललेले शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे बेटावरच ठेवा. प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि विमानतळावर सामानाच्या तपासणीत सापडतात. दुकानातून शंखाची वस्तू घेतली असेल तर परवानाधारक दुकानाची पावती सामानाच्या वरच्या कप्प्यात ठेवा.